स्मारक शिष्यवृत्ती कशी असावी?

चळवळीतला एखादा जुना कार्यकर्ता, एखादा शिक्षक किंवा डॉक्टर आपल्यातून निघून गेला, की त्याच्या प्रथम स्मृतिदिनापूर्वी वस्तीत बैठक भरते, हे आपणांस ठाऊक आहे. त्या बैठकीत दोन सूचना हमखास येतात. कमान किंवा अर्धपुतळा उभारावा ही पहिली, आणि त्याच्या नावाने गरीब विद्यार्थ्यांना मदत करावी ही दुसरी. पहिल्या सूचनेसाठी जागा, ठेकेदार, पावतीपुस्तके आणि उद्घाटक त्याच रात्री ठरतात. दुसरीला सर्वांची एकमुखाने संमती मिळते, आणि बहुधा तेथेच ती संपते. फार तर पुढील वर्षी दहावी-बारावीची पाच मुले व्यासपीठावर बोलावून त्यांना पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्रक आणि एक लिफाफा देण्यात येतो. यास कोणी शिष्यवृत्ती म्हणत असेल तर म्हणो; आम्ही त्यास सत्कार म्हणतो. सत्काराने एक सायंकाळ साजरी होते. मुलाची पाच वर्षांची खानावळ त्यातून भागत नाही.

खेड्यापाड्यांतील जी मुले-मुली वैद्यकशास्त्र शिकू इच्छितात, किंवा वने, वन्यजीव आणि पाणी यांच्या संरक्षणाचे शास्त्र शिकू इच्छितात, त्यांच्यासाठी दिवंगतांच्या नावे कायमची शिष्यवृत्ती ठेवावयाची झाल्यास ती कशी असावी, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. पैसा प्रवेशाच्या आधी हाती पडला पाहिजे. अभ्यासक्रम संपेपर्यंत तो अखंड चालू राहिला पाहिजे. आणि तो देण्याचे बंधन नोंदलेल्या दस्तऐवजाने विश्वस्तांवर पडले पाहिजे. देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असलेली मदत कितीही मोठी असली तरी ती भिक्षाच होय, आणि आपल्या समाजाने भिक्षेचा मार्ग केव्हाच सोडला आहे.

पैसा केव्हा मिळतो यास आम्ही इतके महत्त्व का देतो, ते एका निकालावरून स्पष्ट होईल. २०२४ साली उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. घरच्यांनी गावात इकडून तिकडून रक्कम गोळा केली, ती अवघी काही मिनिटे आधी हाती आली, आणि पैसे भरण्यापूर्वीच संगणकावरची खिडकी मिटली. परीक्षेला बसण्याची त्याची ती अखेरची संधी होती. तो मुलगा एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. निकाल न्याय्य झाला, यात शंका नाही. परंतु साडेसतरा हजार रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला आपला असाधारण अधिकार वापरावा लागावा, ही गोष्ट अभिमानाची खचित नाही. दिल्लीपर्यंत जाऊन दाद मागणारे किती? आणि मुदत टळल्यावर मुकाट्याने गावी परतणारे किती? ही संस्था अभियांत्रिकीची आहे असे कोणी म्हणेल. पण वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्याही अशाच मुदतींच्या ठोक्यावर चालतात, आणि तेथेही घड्याळ गावाकडे पाहून थांबत नाही.

यावर कोणी विचारील, की सरकारी शिष्यवृत्ती आहे ना? आहे, आणि ती आपल्या हक्काची आहे. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्य वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती योजना आजही चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींसाठीच्या या योजनेला पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची मान्यता दिली आणि त्यातील साठ टक्के भार केंद्राने उचलण्याचे ठरविले. आकडा मोठा आहे. पण सरकारी पैशाचा स्वभाव असा, की तो खर्च होऊन गेल्यावर येतो. अर्ज, दाखले, पडताळणी, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, असे सर्व टप्पे ओलांडून तो यावयाचा. आणि तोपर्यंत वसतिगृह, खानावळ आणि पुस्तकविक्रेता यांतले कोणीही थांबावयास तयार नसते. स्मारक शिष्यवृत्तीने जो खड्डा भरून काढावयाचा आहे, तो हा. सरकारची जबाबदारी तिने आपल्या शिरावर घेऊ नये. सरकारकडून शुल्काची भरपाई आली की शुल्कापोटी दिलेली रक्कम निधीत परत यावी आणि पुढच्या मुलाला मिळावी. निर्वाहाची रक्कम मात्र परत मागू नये.

येथे वकिलाच्या नजरेने एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, लाभार्थ्याने दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये अशी अट घालण्यात आलेली आहे. मात्र पुस्तके, उपकरणे, निवास आणि भोजन यांसाठी अन्य ठिकाणाहून मदत घेण्यास मुभा ठेवलेली आहे. तेव्हा आपल्या दस्तऐवजात ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द शीर्षकात शोभला तरी देण्याचे कलम ‘पुस्तके, उपकरणे, निवास व भोजन यांसाठी साहाय्य’ असे लिहावे, आणि चालू वर्षाचे नियम पाहूनच मसुदा पक्का करावा. शब्द चुकला म्हणून मुलाची सरकारी शिष्यवृत्ती गेली, असे घडता कामा नये. शब्दाने काय होते हे आपल्या समाजाइतके कोणी अनुभवलेले नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील धर्मविषयक एका परिच्छेदामुळे, १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेला माणूस वस्ती तीच, दारिद्र्य तेच आणि अपमान तोच असूनही केंद्राच्या यादीबाहेर गेला. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती १९६० सालीच नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.

आता वैद्यक आणि वनसंरक्षण ही दोन शास्त्रे आम्ही एकत्र का जोडली, ते सांगतो. डॉक्टरचे महत्त्व कोणास पटवावे लागत नाही. परंतु वनशास्त्राचे नाव काढले की आपल्यातील शिकलेला मनुष्यसुद्धा हसतो आणि म्हणतो, ‘जंगलात जाऊन पोरगा करणार काय?’ त्याने माकडतापाची हकिकत ऐकावी. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली. हा रोग गोचिडीच्या दंशाने होतो. जंगल तोडून शेती-बागा वाढल्या, गुरे आत चरू लागली, आणि माणूस, गुरे, माकड व गोचीड यांची गाठ पडली, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. २०१५ साली हा ताप गोव्यातील सत्तरी तालुक्यात आढळला आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गकडे आला. काजूच्या हंगामात बागेत बिया वेचणारी मजूर स्त्री आणि रानात गुरे नेणारा पोर हे या रोगाच्या तोंडी प्रथम पडतात. तापाचे निदान डॉक्टर करील; पण कोणत्या रानात माकड मेले, गोचीड कोणत्या महिन्यात वाढते, कोठली वाट टाळावी, हे कोण सांगणार? ज्याने रान पाहिले आहे आणि रानाचे शास्त्रही वाचले आहे, तोच. असा मनुष्य शहरातून मागवावा लागतो, हीच आपल्या शिक्षणाची उणीव आहे.

आणखी एक गोष्ट याहून कडू आहे. मेळघाट हे १९७३ सालच्या व्याघ्रप्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वाघ वाचावा हे योग्यच. त्यास आमचा विरोध नाही. पण ज्या कोरकूंच्या गावांच्या सभोवती हा प्रकल्प उभा राहिला, त्यांच्या मुलांच्या वाट्याला त्यात काय येते? वनमजुराची हजेरी, आगरेषा काढण्याचे काम, साहेबांना वाट दाखविण्याचे काम. व्यवस्थापनाचा आराखडा दुसराच कोणी लिहितो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार दिला; गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांवर आपला सामूहिक हक्क मिळवून दाखविला. हक्क हाती आला म्हणजे तो चालविणारी माणसे लागतात. बांबू किती तोडावा, किती राखावा, कोणता ओढा आटतो आहे, याची नोंद शास्त्राच्या भाषेत झाली नाही तर उद्या कार्यालयात त्याच गावाला अडाणी ठरविण्यात येईल. दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी मिळते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र येथे वन्यजीवशास्त्राचे उच्च शिक्षण मिळते. या नावांपैकी एकही नाव आपल्या किती आश्रमशाळांच्या भिंतींवर लिहिलेले आहे, हे वाचकांनीच जाऊन पाहावे.

वनसंरक्षणाच्या क्षेत्रात स्मारक शिष्यवृत्तीचा चांगला नमुना आपल्याच देशात आहे. डॉ. रवी शंकरन हे पक्षिशास्त्रज्ञ २००९ साली अकाली वारले. अंदमान-निकोबारात ज्या पाकोळ्यांची घरटी खाण्यासाठी पळविली जातात, त्या वाचविण्याच्या कामात त्यांनी घरटी काढणाऱ्या माणसांनाच राखणदार केले. त्यांच्या मागे इन्लॅक्स प्रतिष्ठानाने त्यांच्या नावे अभ्यासवृत्ती ठेवली; तिच्यातून तरुण अभ्यासकांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी आणि येथील लहान संशोधनकार्यासाठीही पैसा मिळत आला आहे. गेलेल्या माणसाचे काम जेथे थांबले, तेथून ते उचलणारी माणसे तयार करणे, असा तिचा हेतू. मात्र तिच्यापर्यंत पोहोचावयास इंग्रजी चांगले लागते आणि पदवी आधी हाती असावी लागते. दोडामार्गचा किंवा धारणीचा मुलगा त्या पायरीवर यावा, यासाठी खालची पायरी आपण बांधावयाची आहे.

वैद्यकाच्या बाबतीत तमिळनाडूचे उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. अरियलूर जिल्ह्यातील एका खेड्यात रोजंदारी मजुराच्या घरी जन्मलेल्या अनिता या दलित मुलीने २०१७ साली बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळविले. जुन्या पद्धतीने तिला डॉक्टर होण्यापासून कोणी अडविले नसते. पण त्या वर्षी राज्यात ‘नीट’ परीक्षा लागू झाली. शिकवणी वर्गांच्या जोरावर जिंकली जाणारी ही परीक्षा तिला साधली नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेथेही निराशा झाली, आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आपले जीवन संपविले. पुढे त्या राज्याने अरियलूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सभागृहास तिचे नाव दिले. ते ठीक झाले. पण तिचे खरे स्मारक आमच्या मते दुसरे आहे. २०२० साली तमिळनाडू विधानसभेने कायदा करून, नीट उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली तो कायदा वैध ठरविला. सभागृहावरचे नाव वाचले जाते; या कायद्याने दर वर्षी कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसते. २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले त्या परीक्षेला बसली. अशा गर्दीत खेड्यातील मुलाला वाट काढावयाची असेल, तर मदत अकरावीपासून सुरू झाली पाहिजे. निकाल लागल्यावर गुणवंत शोधणे म्हणजे जो पोहून आला त्यालाच दोर फेकणे.

बंधपत्राचा प्रश्नही निकालात काढू. ‘आमच्या पैशावर शिकतो तर त्याने दहा वर्षे खेड्यात काम केलेच पाहिजे,’ असे देणगीदार म्हणतात. भावना रास्त आहे. पण प्रथम कायदा पाहा. बारावीचा मुलगा सतरा वर्षांचा असतो, आणि अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरतो, हे १९०३ सालच्या मोहरीबिबीच्या खटल्यापासून ठरून गेलेले आहे. सज्ञान झाल्यावर लिहून घेतले तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपलीकडे दंड वसूल होत नाही. सरकारची गोष्ट निराळी. वैद्यकीय पदवीधरांवरील सक्तीच्या सेवेची बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये उचलून धरली आहेत. पण कायदा बाजूस ठेवून इतिहास पाहिला तर काय दिसते? बाबासाहेबांनी ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. ज्याने सही केली होती, तो आपला शब्द पाळावयास उभा होता; परंतु त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही आणि कचेरीत शिपाई दुरून फाइली टाकीत. बंधपत्र विद्यार्थ्याला बांधते. गावाला, कचेरीला, दवाखान्याला कोण बांधणार? जेथे डॉक्टरला राहावयास घर नाही, औषध नाही, परिचारिका नाही, आणि कित्येकदा जात विचारल्यावाचून पाणी नाही, तेथे त्याने दहा वर्षे काढावीत, अशी सक्ती त्याच्यावर करण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. दरवर्षी सुट्टीत पंधरा दिवस आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामसभेच्या जंगलात काम करावे, एवढे लेखी वचन पुरे आहे. ज्याला गावाची ओढ लागावयाची त्याला ती त्या पंधरा दिवसांतच लागेल.

बाबासाहेबांच्याच चरित्रातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सयाजीरावांच्या उदारतेचे स्मरण आपण करतो, ते योग्यच. पण त्या मुलाला महाराजांपुढे नेले कोणी? कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी. त्यांच्या खटपटीने महाविद्यालयात असताना पंचवीस रुपयांचे मासिक वेतन मिळाले, आणि पुढचा मार्ग खुला झाला. पैसा असलेला राजा आणि बुद्धी असलेला मुलगा दोघेही होते. मध्ये एक माणूस नसता तर ते भेटले नसते. म्हणून प्रत्येक स्मारक निधीने आपल्या दस्तऐवजात एक मार्गदर्शक नेमण्याचे कलम घालावे. पहिल्या वर्षी इंग्रजी शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथाने दडपून गेलेल्या, क्वचित नापासही झालेल्या मुलाचे साहाय्य तोडू नये. एक वर्षाची सवलत नियमातच असावी. महाविद्यालयात जातीवरून छळ झाला तर ते कोणाला सांगावे, हे त्या मुलीला पहिल्या दिवशी ठाऊक असावे. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी २०१९ साली कशा गेल्या, हे वाचक विसरलेले नसतील. त्या प्रकरणाचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. अशा वेळी मुलीच्या पाठीशी उभे राहणे हा मात्र आपला विषय आहे.

आता दस्तऐवज. निधी सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा. हिशेब तपासून घ्यावेत. मूळ रकमेस हात लावू नये. समजा दहा लाख जमले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षास सत्तर हजार होतात. त्यात एक मुलगा नीट शिकेल, दहा मुलांचा सत्कार होईल. आम्ही एकाच्या बाजूचे आहोत. वैद्यकाचा अभ्यास साडेचार वर्षे आणि वर दीक्षित सेवेचे एक वर्ष असतो. तेवढ्या काळाची तरतूद झाल्यावाचून दुसरा विद्यार्थी घेऊ नये. लाभार्थी कोण, हे लिहिताना पोटजातीचे नाव घालण्याचा मोह टाळावा. १९६१ च्या आयकर कायद्याने एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या न्यासाला करसवलत नाकारली होती. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे न्यास मात्र त्या बंदीतून वगळले होते. कर वाचतो म्हणूनच नव्हे, तर तडवी, कोरकू, पारधी आणि बौद्ध यांची मुले एका यादीत यावीत म्हणूनही व्याख्या रुंद ठेवावी. निम्म्या जागा मुलींना द्याव्यात.

‘ग्रामीण’ या शब्दाची व्याख्या तर डोळ्यांत तेल घालून करावी. जनगणनेच्या हिशेबाने पाच हजारांखालील वस्ती सामान्यतः खेडे ठरते. पण तेवढ्यावर भागत नाही. ज्याची ऊसशेती गावात आहे, बंगला पुण्यात आहे आणि सातबारा खिशात आहे, तोही ग्रामीणच म्हणून रांगेत उभा राहतो, आणि बहुधा पुढे उभा राहतो. पहिली ते दहावी ग्रामपंचायतीच्या हद्दीतील जिल्हा परिषद शाळेत किंवा आश्रमशाळेत शिकलेला आणि ज्याच्या घरातून पूर्वी कोणी पदवीधर झालेला नाही असा विद्यार्थी, एवढी साधी कसोटी ठेवली तर पुष्कळ गर्दी आपोआप ओसरेल.

ज्या वस्तीत येत्या ६ डिसेंबरला अशी बैठक भरणार असेल, तिने विश्वस्तांची नावे त्याच रात्री ठरवावीत आणि नोंदणीचा अर्ज व बँकेचे खाते १४ एप्रिलपूर्वी पुरे करावे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा सामान्यतः मे महिन्यात येते आणि प्रवेशाच्या फेऱ्या निकालानंतर लगेच सुरू होतात. अर्जाचा नमुना मराठीत, एका पानाचा असावा. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावा, आणि त्याखाली अशा एका माणसाचे नाव असावे, की जो रात्री आठ वाजताही दार उघडील.